एचटीॲक्सेस फाइल नक्की कधी वाचली जाते, आणि कुठून कुठपर्यंत

शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स असतात तिथे, साइट असली की सर्व्हरचं म्हणून आपल्या हातात काय असतं, तर एक फाइल. डॉटने सुरू होणारी, एचटीॲक्सेस नावाची, पब्लिक-एचटीएमएल फोल्डरमध्ये पडलेली, आपल्या साइटपुरती सर्व्हरची सेटिंग्ज लिहायची. बहुतेकांनी ती कधी उघडून बघितलेलीच नसते आणि ज्यांनी बघितलीय त्यांचा खाक्या ठरलेला, नेटवरून चार ओळी उचलायच्या, सगळ्यात वर चिकटवायच्या, रिफ्रेश मारायचं, चाललं तर देव पावला, नाही चाललं तर त्या काढून दुसऱ्या कुणाच्यातरी चिकटवायच्या. असं करत करत फाइल दोनशे ओळींची होते आणि कुठल्या ओळीने काय होतंय हे कुणालाच सांगता येत नाही, मालकालाही नाही.

मी छोट्या मराठी साइट्स सांभाळते, दिवाळी अंक, एका तालुक्याच्या गावचं वाचनालय, असल्या. वर्षाचं बजेट म्हणजे डोमेन आणि होस्टिंग, संपलं. त्यामुळे ही फाइल रोजचीच. माझं मत असं झालंय की हिचे नखरे पाठ करत बसायची गरजच नाही, एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं आपोआप उलगडतं. ती गोष्ट अशी, की अपाची सर्व्हर (वाचकाने मागितलेलं पान त्याला पाठवणारा प्रोग्रॅम) ही फाइल सुरू होताना एकदाच वाचून ठेवत नाही, तो ती प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने वाचतो, आणि वरच्या फोल्डरपासून खालच्यापर्यंत एक-एक पायरी उतरत वाचतो.

(कमांडची नावं इथे देवनागरीत लिहितेय, फाइलीत अर्थातच ती रोमनमध्येच टाइप करायची, नाहीतर कुणीतरी हेच कॉपी करून टाकेल.)

समजा वाचनालयाच्या साइटवर कुणीतरी २०१९ च्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ बघायला मागितलं. ते चित्र डिस्कवर आहे होम, त्यात वाचनालय, त्यात पब्लिक-एचटीएमएल, त्यात दिवाळी, त्यात २०१९ या फोल्डरमध्ये. आता अपाची काय करतो, आधी रूटमध्ये, म्हणजे डिस्कच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये बघतो एचटीॲक्सेस आहे का, मग होममध्ये, मग वाचनालयमध्ये, मग पब्लिक-एचटीएमएल, मग दिवाळी, मग २०१९. सहा ठिकाणी. एका चित्रासाठी. फाइल तिथे नसली तरी 'नाहीये' हे कळायला डिस्कला विचारावंच लागतं. पानावर चाळीस फोटो असतील तर चाळीस वेळा हा सगळा प्रवास. (रूटपासून परवानगी चालू असेल तर हं, शहाणे होस्टिंगवाले ती खालच्या फोल्डरपासूनच चालू करतात, मग वरच्या दोन-तीन पायऱ्या टळतात.) आणि वाटेत जिथे जिथे फाइल सापडते तिथली सेटिंग्ज एकावर एक चढत जातात, खालच्या फोल्डरची ओळ वरच्या फोल्डरच्या ओळीला खोडते.

म्हणून तर बदल केला की लगेच दिसतो, रीस्टार्ट लागत नाही. लोकांना हे सोयीचं वाटतं, आहेच, पण दुसरी बाजू बघा. चूकसुद्धा लगेच लागू होते, आणि त्या फोल्डरच्या खालचं सगळं च्या सगळं पाचशे एरर, म्हणजे 'सर्व्हरच्या आत बिघाड', द्यायला लागतं. मेन कॉन्फिगमध्ये, म्हणजे अपाचीच्या मुख्य सेटिंग फाइलीत, गडबड केली तर कॉन्फिगटेस्ट नावाची कमांड आहे, ती आधीच सांगते बाबा रे अमुक ओळीत घोळ आहे. एचटीॲक्सेसला तसलं काही नाही, कॉन्फिगटेस्ट या फाइलींकडे ढुंकूनही बघत नाही, 'सिंटॅक्स ओके' म्हणून मोकळा होतो, कारण ती फाइल वाचली जाणार कधी तर पहिली रिक्वेस्ट आल्यावर. म्हणजे चूक पहिल्यांदा दिसते ती वाचकाला.

पाचशे आली की ओळी उडवत बसण्यापेक्षा एरर लॉग उघडा, सीपॅनेलमध्येसुद्धा (होस्टिंगवाले देतात ते कंट्रोल पॅनेल) 'एरर्स' नावाने शेवटच्या काही ओळी दिसतात. दोनच प्रकारची वाक्यं वारंवार भेटतात. एक 'इनव्हॅलिड कमांड', म्हणजे स्पेलिंग चुकलंय किंवा त्या कमांडचं मॉड्यूल (अपाचीला जोडायचा सुटा भाग) सर्व्हरवर चालूच नाही. दुसरं 'नॉट अलाउड हिअर', म्हणजे कमांड बरोबर आहे, मॉड्यूलही आहे, पण इथे ती वापरायची परवानगी नाही. पहिलं तुमचं दुखणं, दुसरं होस्टिंगवाल्याचं, आणि तिकीट टाकताना हा फरक लिहून टाकलात तर समोरचाही जरा सरळ उत्तर देतो.

परवानगी कोण देतं, तर मेन कॉन्फिगमधली 'अलाउ-ओव्हरराइड' ही ओळ. सोसायटीत भाड्याने राहिल्यासारखं आहे हे, आतल्या भिंतीला खिळा ठोका, पडदे बदला, पण बाल्कनीला ग्रिल लावायचं की नाही ते कमिटी ठरवणार. कमिटीने पाच गट केलेत. ऑथ-कॉन्फिग म्हणजे पासवर्ड वगैरे, फाइल-इन्फो म्हणजे रीराइट (आलेला पत्ता रूलने बदलणं), रीडायरेक्ट (वाचकाला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं), एरर पानं, कॅरॅक्टरसेट, मग इंडेक्सेस, लिमिट आणि ऑप्शन्स. 'ऑल' लिहिलं तर सगळं खुलं, 'नन' लिहिलं तर अपाची ती फाइल वाचतच नाही. आणि इथे गंमत आहे, अपाचीच्या जुन्या २.२ आवृत्तीमध्ये काही लिहिलंच नसेल तर 'ऑल' धरलं जायचं, २.४ मध्ये काही लिहिलं नसेल तर 'नन'. उबुंटू लिनक्सवर नवाकोरा अपाची टाकलात तर व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू या साइटच्या फोल्डरसाठी स्वच्छ 'नन' लिहिलेलंच असतं. त्यामुळे शेअर्ड होस्टिंगवरून पहिल्यांदा स्वतःच्या व्हीपीएसवर (सगळं आपल्या हातात असलेला भाड्याचा सर्व्हर) आलेला माणूस फाइल उचलून आणतो, ठेवतो, आणि काहीच होत नाही. एररही नाही. नुसतं निवांत. तो बिचारा रीराइटचे रूल तपासत बसतो रात्रभर.

यावर एक रांगडा उपाय आहे आणि तो अपाचीच्या अधिकृत मदतपानांतही दिलाय. फाइलीच्या पहिल्या ओळीत वाट्टेल ते लिहा, 'अबकडई' सुद्धा चालेल, आणि पान उघडा. पाचशे आली तर फाइल वाचली जातेय, तुमचे रूल चुकलेत. पान नेहमीसारखं उघडलं तर फाइल वाचलीच जात नाहीये, रूल तपासायचं सोडा आणि अलाउ-ओव्हरराइड बघा. मी हे सगळ्यात आधी करते, अर्थात चालू साइटवर भर दुपारी नाही.

ही फोल्डरनिहाय फाइलीची कल्पना अपाचीची स्वतःची पण नाही. ती आधीच्या एनसीएसए सर्व्हरकडून आली, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात रॉब मकूलने लिहिलेला तो सर्व्हर, १९९३ च्या आसपासचा, आणि १९९५ मध्ये त्यालाच ठिगळं लावत अपाची उभा राहिला. एकाच मशीनवर खूप जणांची पानं, प्रत्येकाला आपल्या फोल्डरपुरतं थोडं स्वातंत्र्य, आणि ॲडमिनला दर बदलाला त्रास नको. शेअर्ड होस्टिंगची गरज आजही तीच आहे म्हणून ही फाइल टिकून आहे.

आता रीराइट. लोकांचं डोकं सगळ्यात जास्त इथे फिरतं आणि इथेच ती एक गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

एचटीॲक्सेस वाचायची वेळ येते तोपर्यंत अपाचीने पत्त्यावरून फोल्डर शोधून झालेलं असतं, नाहीतर कुठल्या फोल्डरची फाइल वाचायची हे त्याला कळणार कसं. म्हणून तुमच्या रूलला पूर्ण पत्ता दिसतच नाही, फोल्डरपर्यंतचा भाग कापून उरलेलं शेपूट तेवढं दिसतं, आणि सुरुवातीचा स्लॅशही त्या कापलेल्या भागात गेलेला असतो. मेन कॉन्फिगमध्ये व्हर्च्युअल-होस्टच्या (एका साइटच्या सेटिंग्जचा ब्लॉक) आत लिहिलेला रूल स्लॅशने सुरू होतो, तोच रूल जसाच्या तसा एचटीॲक्सेसमध्ये टाकला की जुळतच नाही. नेटवर दोन्ही प्रकारची उत्तरं एकमेकांत मिसळलेली सापडतात आणि खाली लोक भांडत असतात की माझं चालतंय तुझं का नाही. सुरुवातीच्या टोपीच्या चिन्हापुढे स्लॅश आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं, म्हणजे स्लॅश असला तर असू दे नसला तर नसू दे, की दोन्हीकडे चालतं.

दुसरी भानगड एल फ्लॅगची, रूलच्या शेवटी कंसात लिहायची खूण ती. एल म्हणजे लास्ट, म्हणजे इथे थांब, असं सगळे समजतात. थांबतो तो, पण त्या फेरीपुरता. पत्ता बदलला म्हणजे आधी शोधलेलं फोल्डर बाद झालं ना, मग अपाची नवा पत्ता घेऊन आतल्या आत परत पहिल्यापासून सुरू करतो, परत फोल्डर शोधतो, परत एचटीॲक्सेस वाचतो, परत तुमचे रूल वरपासून. दुसऱ्या फेरीतही तोच रूल जुळला तर तिसरी फेरी. दहा झाल्या की सर्व्हर हात टेकतो, पाचशे देतो आणि लॉगमध्ये 'दहा इंटर्नल रीडायरेक्टची मर्यादा ओलांडली' अशा अर्थाचं लिहितो. वर्डप्रेसच्या ब्लॉकमध्ये सुरुवातीला एक ओळ असते बघा, पत्ता इंडेक्स-डॉट-पीएचपी असेल तर काही करू नकोस, डॅश, एल. लोकांना ती फालतू वाटते, काही जण 'ऑप्टिमाइझ' म्हणून काढूनही टाकतात, पण ती दुसऱ्या फेरीसाठीच आहे. २.४ मध्ये एंड नावाचा फ्लॅग आलाय, तो खरंच थांबतो.

तिसरी, ही फार कमी जणांना माहीत असते. बाकीची सेटिंग्ज वरून खाली झिरपतात, रीराइटचे रूल तसे झिरपत नाहीत. खालच्या फोल्डरच्या फाइलीत 'रीराइट-इंजिन ऑन' आलं की वरच्या फाइलीतले सगळे रूल तिथे बाद. म्हणजे मुख्य साइटला एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर पाठवणारा रूल लिहिलात, छान चाललाय, आणि २०१९ च्या फोल्डरमध्ये वेगळं वर्डप्रेस बसवलेलं आहे, तर तिथे तो रूल लागूच होणार नाही, कुलूप नसलेला पत्ता तसाच उघडत राहील. 'रीराइट-ऑप्शन्स इनहेरिट' लिहावं लागतं, किंवा सरळ तिथेही रूल लिहायचा.

आणि रीराइट-कंडिशन ही फक्त लगेचच्या पुढच्या एका रूललाच लागते. वर तीन कंडिशन लिहून खाली पाच रूल लिहिले तर पहिल्यालाच कंडिशन, बाकीचे चार मोकाट. हे वेगळं सांगायची गरज नाही असं मला वाटायचं, पण आलेल्या प्रत्येक दुसऱ्या फाइलीत हेच दिसतं.

एचटीटीपीएसच्या रूलमध्ये अजून एक. साइटपुढे सीडीएन (वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधली, पानं भराभर पोचवणारी सेवा) असेल आणि सीडीएनपासून तुमच्या सर्व्हरपर्यंतची वाट साध्या एचटीटीपीची असेल तर सर्व्हरला एचटीटीपीएस कायम 'ऑफ'च दिसणार, तो रीडायरेक्ट करणार, ब्राउझर परत येणार, सर्व्हर परत तेच, शेवटी ब्राउझर म्हणतो टू मेनी रीडायरेक्ट्स. तिथे एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर (मागणीबरोबर येणारी माहितीची ओळ) बघून ठरवायचं. आणि काहीही तपासताना ३०२, म्हणजे तात्पुरतं रीडायरेक्ट, वापरा, खात्री झाली की ३०१ करा, कारण ३०१ म्हणजे कायमचं, ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारायलाही येत नाही, मग तुम्ही इकडे फाइल दुरुस्त करत बसता आणि तिकडे ब्राउझर जुनंच धरून बसलेला असतो. कर्ल या कमांडला आय पर्याय लावून बघायचं, तो काही लक्षात ठेवत नाही.

आता आपल्या मराठीवाल्यांचं खास दुखणं. वर्डप्रेसमध्ये लेखाचा पत्ता डेटाबेसच्या ज्या रकान्यात बसतो तो २०० कॅरॅक्टरचा आहे. इंग्रजीला चिक्कार. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून तीन कॅरॅक्टरचा, म्हणजे एकेक अक्षर नऊ. आणि अक्षर म्हणजे काना, वेलांटी, हलंत सगळं वेगळं मोजायचं. 'आमच्या गावातल्या जुन्या वाचनालयाची गोष्ट' हे शीर्षक घ्या. आमच्यामध्ये सहा, गावातल्यामध्ये नऊ, जुन्यामध्ये सहा, झाले एकवीस, गुणिले नऊ म्हणजे १८९, मधल्या दोन डॅश धरून १९१. पुढची मोकळी जागा धरली तर १९२, आणि 'व' साठी नऊ हवेत, उरले आठ. संपलं. पत्ता तयार होतो 'आमच्या-गावातल्या-जुन्या' आणि वाचनालय गायब. जुन्या साइट्सवर असे लांडे पत्ते शेकड्याने असतात, 'एका-', 'काही-' वर तुटलेले, आणि संपादकांना कधीतरी ते खटकतात, मग ते छोटे नीट पत्ते करून मागतात, आणि जुने व्हॉट्सॲपवर फिरलेले आहेत त्यामुळे तेही चालू राहायला हवेत.

मग रीडायरेक्ट लिहायची वेळ येते, आणि लोक ब्राउझरमधून ती टक्के-ई-शून्यवाली लांबलचक माळ कॉपी करून रूलच्या डाव्या बाजूला टाकतात. चालत नाही. का, तर रूलपर्यंत पत्ता येतो तेव्हा अपाचीने तो उलगडून साधी अक्षरं केलेली असतात, रूल त्या उलगडलेल्याशी जुळवला जातो. डावीकडे सरळ देवनागरी लिहायची, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची. उजवीकडे पण देवनागरीच लिहा, बाहेर पाठवताना तो आपणहून टक्के लावतो. उजवीकडे आधीच टक्केवाली माळ टाकलीत तर टक्क्यालाच परत टक्का लागतो आणि पंचवीस-पंचवीस दिसायला लागतं, मग एनई फ्लॅग लावावा लागतो. आणि हे रूल 'बिगिन वर्डप्रेस' या खुणेच्या वर लिहायचे, त्या दोन खुणांच्या मध्ये नाही, कारण मधलं सगळं वर्डप्रेस आपलं समजतो आणि पर्मालिंकची (लेखांचे पत्ते कसे असावेत ते) सेटिंग सेव्ह केली की पुसून स्वतःचं लिहितो.

एवढं करूनही एखादा रूल जुळत नाही, आणि डोळ्यांना तर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. 'दुसऱ्या' घ्या. यातला र्‍य कुणी नुक्तावाल्या ऱ ने टाइप करतं तर कुणी साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडणारा कॅरॅक्टर घालून. दिसायला एकच, बाइट वेगळे, अपाचीच्या दृष्टीने दोन निराळे पत्ते. 'ॲ' चं पण तसंच, एकसंध अक्षर वेगळं आणि अ वर चंद्र काढलेलं वेगळं. त्यामुळे शीर्षक परत टाइप करत बसू नका, जुन्या पत्त्यातली अक्षरंच उचलून कुठल्यातरी डिकोडरमधून काढून चिकटवा.

जुन्या अंकांच्या साइट्सवर पत्ता 'अंक-डॉट-पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर १२' असला पण असतो. रीराइट-रूलला प्रश्नचिन्हाच्या पुढचं दिसत नाही, त्यासाठी क्वेरी-स्ट्रिंगची कंडिशन वर लावायची, आणि नव्या पत्त्याला ते शेपूट नको असेल तर क्यूएसडी फ्लॅग.

फोल्डरनिहाय सेटिंगचा मला सगळ्यात आवडलेला उपयोग पण मराठीचाच आहे. युनिकोडच्या आधीची पानं असतात ना, श्रीलिपी नाहीतर योगेश फॉन्टमध्ये केलेली, आत इंग्रजी अक्षरांचे आणि लॅटिन चिन्हांचे बाइट, वर मराठीचा मुखवटा. साइटला 'ॲड-डिफॉल्ट-कॅरसेट यूटीएफ-८' लावलं की नवीन पानं छान आणि या जुन्या पानांत जागोजागी काळे चौकोन आणि प्रश्नचिन्हं, कारण सर्व्हरने हेडरमध्ये सांगितलेलं कॅरॅक्टरसेट पानाच्या आतल्या मेटा टॅगपेक्षा वरचढ ठरतं. पानं एकेक बदलायची गरज नाही. जुन्या अंकांच्या फोल्डरमध्ये एक एचटीॲक्सेस, त्यात एकच ओळ, 'ॲड-डिफॉल्ट-कॅरसेट ऑफ'. मग तेवढ्या फोल्डरपुरता मेटा टॅगचा शब्द चालतो. फॉन्ट नसेल तर ते वाचता येणार नाहीच, पण बाइट तरी शाबूत मिळतात आणि कन्व्हर्टरला घालून युनिकोड करता येतं.

होस्टिंग बदललं की ठरलेला फोन येतो. "अहो मॅडम, नवीन ठिकाणी पहिलं पान झकास उघडतंय हो, पण कुठल्याही लेखावर क्लिक केलं की नॉट फाउंड. आमचा भाचा म्हणतोय डेटाबेस उडाला." डेटाबेस उडाला असता तर पहिलं पान पण उघडलं नसतं, सर. मुखपृष्ठ चालू आणि आतलं सगळं चारशेचार, हे ऐकलं की नव्व्याण्णव टक्के एचटीॲक्सेस मागे राहिलीय. डॉटने सुरू होणारी फाइल लपलेली धरली जाते, लिनक्सवर स्टार लावून कॉपी केलं की स्टार त्या फाइलीला धरतच नाही, स्टारऐवजी स्लॅश-डॉट लिहावं लागतं. सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन 'शो हिडन फाइल्स' टिक करावं लागतं, फाइलझिलामध्ये सर्व्हर मेन्यूत तसंच एक आहे. वर्डप्रेस असेल तर पर्मालिंकच्या पानावर जाऊन नुसतं सेव्ह दाबलं तरी त्याचा ब्लॉक परत तयार होतो, सर्व्हरला लिहायची परवानगी असेल तर. तुम्ही हाताने लिहिलेलं मात्र परत येत नाही.

पासवर्डचं थोडक्यात. ऑथ-टाइप बेसिक, ऑथ-नेम, ऑथ-युजर-फाइल, रिक्वायर व्हॅलिड-युजर, चार ओळी. युजर-फाइलचा मार्ग सर्व्हरच्या डिस्कवरचा पूर्ण द्यायचा, वेबचा पत्ता नाही, आणि ती फाइल पब्लिक-एचटीएमएलच्या बाहेर ठेवायची. एचटीपासडब्ल्यूडी कमांडला सी पर्याय लावला की नवीन फाइल तयार होते, दुसरा युजर वाढवताना परत सी लावलात तर पहिला गेला. बेसिकमध्ये पासवर्ड बेस-६४ करून जातो, ते काही एन्क्रिप्शन नाही, त्यामुळे एचटीटीपीएस नसेल तर लावून उपयोग शून्य. आणि 'ऑर्डर डिनाय, अलाउ' वगैरे जुनी भाषा दिसली तर ती २.२ च्या काळातली, २०१२ मध्ये २.४ आला तेव्हापासून 'रिक्वायर ऑल डिनाइड' असं लिहायचं. जुनीही बऱ्याच सर्व्हरवर चालते, पण वरच्या फोल्डरमध्ये जुनी आणि खालच्यात नवी असं मिश्रण झालं की कोण आत येतं कोण बाहेर राहतं याचा भरवसा नाही.

पीएचपीच्या मर्यादा वाढवायला 'पीएचपी-व्हॅल्यू' ची ओळ टाकतात, ती पीएचपी अपाचीच्या आत मॉड्यूल म्हणून चालत असेल तरच. एफपीएमवर, म्हणजे पीएचपी अपाचीच्या बाहेर वेगळं चालतं तिथे, ती ओळ म्हणजे थेट पाचशे. तिथे डॉट-युजर-डॉट-आयएनआय फाइल लागते, आणि ती मात्र पाच मिनिटं कॅश होते, त्यामुळे बदल दिसला नाही म्हणून घाबरू नका, चहा पिऊन या.

आता जरा काळजीची गोष्ट. सर्व्हर प्रत्येक फोल्डरमधली ही फाइल इमानदारीत वाचतो, तर ती टाकली कुणी हे तो बघत नाही. साइटमध्ये घुसलेली माणसं अपलोड्सच्या आत कुठेतरी खोल फोल्डरमध्ये स्वतःची एचटीॲक्सेस ठेवतात, जेपीजी नावाची फाइल पीएचपी म्हणून चालवायची ओळ त्यात असते, झालं काम. किंवा मुख्य फाइलीतच शंभर रिकाम्या ओळी सोडून खाली एक रूल, की माणूस गूगलवरून आला असेल तर त्याला जुगाराच्या साइटवर पाठव. मालक स्वतः पत्ता टाइप करून येतो, त्याला सगळं ठीक दिसतं, वाचक सांगतात की सर्च केलं की भलतंच उघडतंय, तो म्हणतो तुमच्याच मोबाइलमध्ये व्हायरस असेल. म्हणून फाइल उघडली की शेवटपर्यंत स्क्रोल करा, आणि फाइंड कमांडने साइटमधल्या सगळ्या एचटीॲक्सेसची यादी तारखेसकट काढा. अपलोड्समध्ये आपली एक ठेवायची, पीएचपी फाइलींना 'रिक्वायर ऑल डिनाइड' सांगणारी, आणि ती वेब सर्व्हरच्या युजरला बदलता येणार नाही अशी.

स्वतःचा व्हीपीएस असेल तर माझं सरळ म्हणणं आहे, ही फाइल वापरूच नका. अपाचीवालेही तेच सांगतात, मेन कॉन्फिगला हात लावता येत असेल तर तिथे लिहा. एचटीॲक्सेसमधला मजकूर जसाच्या तसा त्या फोल्डरच्या 'डिरेक्टरी' ब्लॉकमध्ये उतरवता येतो, रीराइटसकट, कारण तिथेही स्लॅश कापलेलाच असतो. मग अलाउ-ओव्हरराइड नन, कॉन्फिगटेस्ट, रीलोड. फोल्डर चाचपत उतरणं बंद, आणि अपलोड्समध्ये कुणी फाइल टाकली तरी ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. एक मात्र ध्यानात ठेवा, कॅशिंग आणि सिक्युरिटीचे प्लगइन अजूनही एचटीॲक्सेसमध्येच लिहीत राहतील आणि 'सेटिंग सेव्ह झालं' म्हणून हिरवी पट्टी दाखवतील, प्रत्यक्षात काही होणार नाही, ते तुम्हाला हाताने मेन कॉन्फिगमध्ये आणावं लागणार.

एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर जाणार असाल तर तो ही फाइल ओळखतच नाही. चालत नाही म्हणून ओरडतही नाही. रीराइट बंद पडल्याचं लगेच कळतं, कारण आतली पानं उघडत नाहीत, पण 'रिक्वायर ऑल डिनाइड' बंद पडल्याचं कुणालाच कळत नाही, कारण सगळं उघडतंच आहे, सभासदांची यादी आणि डेटाबेसचा बॅकअप ठेवलेलं फोल्डरसुद्धा. म्हणून हलवायच्या आधी परत तीच फाइंडची यादी, ज्या ज्या फाइलीत रिक्वायर किंवा डिनाय सापडतं त्या फोल्डरचे पत्ते लिहून काढायचे, नव्या सर्व्हरवर त्यांचे लोकेशन ब्लॉक करायचे आणि मग इन्कॉग्निटोमध्ये, लॉगिन न करता, एकेक उघडून बघायचं. बंद फोल्डरांनी चारशेतीन द्यायला हवं आणि पासवर्डवाल्यांनी चारशेएक. पान दिसलं तर डीएनएस, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जायचं ती नोंद, अजून बदलू नका.